२५ जून : लोकप्रिय संगीताच्या इतिहासातील एक दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

संगीताचा दिनविशेष लिहिताना २५ जून हीच तारीख का निवडली?

शाळेच्या फळ्यावर सुविचाराखाली लिहिला जाणारा दिनविशेष बहुधा जन्म आणि मृत्यू यांतच आटोपतो. लोकप्रिय संगीताच्या बाबतीतही पुष्कळ तारखांची हीच गत होते : कोणाची तरी जयंती, कोणाची तरी पुण्यतिथी, आणि खाली दोन गाण्यांची नावे. २५ जून याला अपवाद आहे. या तारखेला संगीतकार मदनमोहन आणि इंग्रज गायक जॉर्ज मायकल यांचे जन्म आहेत आणि मायकल जॅक्सन यांचा मृत्यू आहे. पण त्यांच्याखेरीज उपग्रहांद्वारे अनेक देशांत एकाच वेळी पोहोचलेले एक गाणे आहे, अमेरिकेत ध्वनिमुद्रिकांवरच्या इशारापट्टीला निमित्त ठरलेला एक अल्बम आहे, आणि ज्याच्या पोटी लता मंगेशकर यांची एक ऐतिहासिक मैफल जन्माला आली असा क्रिकेटचा एक सामनाही आहे. शिवाय या तारखेत एक पेच दडलेला आहे. तिच्या दोन सर्वांत गाजलेल्या घटना घडल्या, तेव्हा महाराष्ट्रातल्या भिंतींवरच्या कॅलेंडरात २६ जून उजाडलेला होता.

या दिवसाच्या घटना वर्षांच्या क्रमाने सांगता येतील का?

१९२४ मध्ये बगदादला मदनमोहन यांचा जन्म झाला. १९६३ मध्ये लंडनला जॉर्ज मायकल जन्मले. १९६७ मध्ये ‘अवर वर्ल्ड’ या आंतरराष्ट्रीय दूरचित्रवाणी कार्यक्रमात बीटल्स या ब्रिटिश गायक-वादकांच्या चमूने आपले नवे गाणे सादर केले. १९७५ मध्ये रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली आणि तिची झळ पुढे चित्रपटसंगीतालाही लागली. १९८३ मध्ये लॉर्ड्सवर भारताने विश्वचषक जिंकला. १९८४ मध्ये अमेरिकी गायक प्रिन्स यांचा ‘पर्पल रेन’ हा अल्बम बाजारात आला आणि २००९ मध्ये लॉस एंजेलिसला मायकल जॅक्सन यांचे निधन झाले. यांतल्या प्रत्येक घटनेचे वजन सारखे नाही, म्हणून पुढच्या उत्तरांची लांबीही सारखी नाही.

मदनमोहन यांचा जन्म बगदादचा कसा?

त्यांचे वडील रायबहादूर चुनीलाल हे इराकच्या पोलीस खात्यात हिशेबनीसाच्या वरिष्ठ पदावर नोकरीला होते, आणि मदनमोहन यांचे बालपणही तिकडेच गेले. कुटुंब मायदेशी परतल्यावर वडिलांनी मुंबईची वाट धरली आणि ते चित्रपटव्यवसायात शिरले. बॉम्बे टॉकीज आणि नंतर फिल्मिस्तान या दोन मोठ्या संस्थांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. अशा घरातला मुलगा चित्रपटात आला, यात नवल वाटू नये. पण मदनमोहन यांचा मार्ग सरळ नव्हता. १९४३ मध्ये ते सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाले, सुमारे दोन वर्षांनी ती नोकरी सोडून लखनौच्या आकाशवाणीवर गेले, आणि तिथे मोठमोठ्या गायक-वादकांच्या सहवासात त्यांचा कान तयार झाला. ‘आँखें’ या १९५० च्या चित्रपटापासून त्यांची स्वतंत्र संगीतकार म्हणून कारकीर्द सुरू झाली.

एक गमतीचा तपशील असा की, पुढे ज्या दोघांची नावे एका दमात घेतली जाऊ लागली, त्यांपैकी लता मंगेशकर यांचा आवाज या पहिल्या चित्रपटात नाही. तो १९५१ च्या ‘अदा’पासून मदनमोहन यांच्या संगीतात आला आणि मग कायमचा राहिला.

मदनमोहन यांना हयातीत पुरेसा मान मिळाला नाही, असे म्हटले जाते. त्यात कितपत तथ्य आहे?

बरेच आहे. ‘अदालत’, ‘अनपढ’, ‘वो कौन थी’, ‘हकीकत’, ‘हीर रांझा’, ‘हँसते जख्म’ अशी चित्रपटांची नावे नुसती वाचली, तरी कानात सुरावटी सुरू होतात. तरीही फिल्मफेअर पुरस्कार त्यांना एकदाही मिळाला नाही. ‘दस्तक’च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या वाट्याला आलेला मोठा सरकारी गौरव. त्यांच्या पुष्कळ चित्रपटांना तिकीटबारीवर यश मिळाले नाही. गाणी लोकांना पाठ आणि चित्रपटाची कथा कोणाला आठवत नाही, ही अवस्था त्यांच्याइतकी क्वचितच कोणाच्या नशिबी आली असेल. गझल चित्रपटात बांधताना शब्दांना जागा देण्याची, चालीने शेरावर कुरघोडी न करण्याची जी रीत त्यांनी सांभाळली, तिला तात्काळ टाळ्या मिळत नाहीत. तिची गोडी सावकाश चढते. लताबाई त्यांना गझलेचा शहजादा म्हणत, हे मात्र पुरस्कारांच्या यादीत न मावणारे प्रशस्तिपत्र आहे.

१४ जुलै १९७५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५१ वर्षांचे होते. ‘लैला मजनू’चे संगीत अपुरे राहिले होते, ते जयदेव यांनी पुरे केले आणि चित्रपट १९७६ मध्ये आला. त्यानंतर जे घडले, ते चित्रपटसंगीतात फार दुर्मीळ आहे : त्यांच्या न वापरलेल्या चाली त्यांचे चिरंजीव संजीव कोहली यांनी जपून ठेवल्या होत्या, आणि त्यांवर जावेद अख्तर यांनी शब्द लिहून २००४ मध्ये ‘वीर-झारा’ची गाणी तयार झाली. संगीतकार जाऊन २९ वर्षे झाली होती आणि गाणाऱ्या लता मंगेशकर ७५ वर्षांच्या होत्या. तरुण नायिकेला तो आवाज शोभतो की नाही, यावर त्या वेळी वाद झाले. प्रस्तुत लेखकाचे मत असे की त्या चालींचा स्वभाव ज्याला ठाऊक होता असा दुसरा आवाज उरलाच नव्हता.

मदनमोहन यांच्या गाण्यांचे कार्यक्रम २५ जूनला करावेत की १४ जुलैला?

दोन तारखांमध्ये १९ दिवसांचेच अंतर असल्यामुळे आयोजक सोयीचा शनिवार-रविवार पाहून मधला कुठलाही दिवस धरतात, आणि त्यात काही वावगे नाही. फक्त पत्रिकेवरचा शब्द चुकू नये. हयात व्यक्तीचा वाढदिवस असतो, दिवंगताची जयंती असते. आणि मृत्यूच्या दिवसाला पुण्यतिथी म्हणण्याची रूढी असली, तरी इंग्रजी तारखेने पाळलेल्या दिवसाला ‘स्मृतिदिन’ हा शब्द अधिक नेमका आहे, कारण त्या दिवशी तिथी तीच असतेच असे नाही.

‘अवर वर्ल्ड’ हा कार्यक्रम नेमका काय होता?

२५ जून १९६७ या रविवारी प्रसारित झालेला हा कार्यक्रम म्हणजे अनेक उपग्रह वापरून वेगवेगळ्या खंडांतले थेट चित्र एकत्र गुंफण्याचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय प्रयत्न होता. कल्पना आणि पुढाकार ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनचा होता. १४ देशांनी आपापले भाग सादर केले आणि ते त्याहून अधिक देशांत दिसले. नियम दोनच, पण कडक : सर्व काही थेट असले पाहिजे, आणि राजकीय पुढारी किंवा राष्ट्रप्रमुख पडद्यावर दिसता कामा नये. तरीही राजकारण टळले नाहीच. त्याच महिन्यात झालेल्या अरब-इस्रायल युद्धामुळे सोव्हिएत संघ आणि त्याच्या बाजूचे पूर्व युरोपीय देश प्रक्षेपणाला काही दिवस उरले असताना बाहेर पडले.

प्रेक्षकसंख्येचे आकडे ४० कोटींपासून ७० कोटींपर्यंत वेगवेगळे दिले जातात. हे मोजलेले आकडे नव्हेत, अंदाज आहेत. त्यामुळे दिनविशेषात लिहिताना ‘कोट्यवधी’ एवढा शब्द पुरेसा आणि प्रामाणिक आहे.

ब्रिटनच्या वाट्याला आलेल्या भागासाठी बीटल्सची निवड झाली. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांना ऐकताक्षणी कळेल असे सोपे काहीतरी हवे होते, आणि जॉन लेनन यांनी ‘ऑल यू नीड इज लव्ह’ हे गाणे दिले. सुरुवातीला फ्रान्सच्या राष्ट्रगीताची सुरावट, शेवटाकडे बाखची एक रचना, ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ हे जुने इंग्रजी गीत आणि ‘इन द मूड’ ही नृत्यधून अशी सरमिसळ त्यात आहे. यांतल्या शेवटच्या धुनेची वाद्यरचना अजून स्वामित्वहक्काखाली होती, त्यामुळे पुढे तिचे पैसे मोजावे लागले.

ते गाणे खरोखर थेट गायले गेले होते का?

अर्धेच. प्रक्षेपणाच्या अकरा दिवस आधी, १४ जूनला, बार्न्स येथील ऑलिम्पिक स्टुडिओत तालाचा पाया ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. त्यात लेनन हार्पसिकॉर्डवर होते, पॉल मॅकार्टनी यांनी गजाने वाजवण्याचा मोठा डबल बास धरला होता आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या हाती चक्क व्हायोलिन होते. प्रत्यक्ष दिवशी ॲबी रोडवरच्या ईएमआयच्या मोठ्या स्टुडिओत ती फीत मागे चालू ठेवून तिच्यावर लेनन यांचे गायन, मॅकार्टनी यांचा बास, हॅरिसन यांचा गिटारचा तुकडा आणि तेरा वादकांचा ताफा थेट चढवण्यात आला. माइक व्हिकर्स वाद्यवृंदाचे संचालन करत होते आणि नियंत्रणकक्षात बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन होते. आजूबाजूला फुलांच्या आणि फुग्यांच्या गर्दीत जमिनीवर बसलेल्या मंडळींत त्या काळचे नामवंत गायक-वादक मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, एरिक क्लॅप्टन, मेरिॲन फेथफुल आणि कीथ मून ओळखू येतात.

यात फसवणूक शोधू नये. कोट्यवधी लोकांसमोर एकच संधी, चूक झाली तर पुन्हा घेता येणार नाही, आणि ध्वनिमुद्रणयंत्रावर जेमतेम चार मार्गिका (ट्रॅक). अशा वेळी थोडा पाया आधी घालून ठेवणे हा शहाणपणा होता. ७ जुलैला बाजारात आलेल्या तबकडीसाठीही गायनाचा काही भाग आणि सुरुवातीचा ड्रमचा तुकडा नंतर दुरुस्त केला गेला. आज दिसणारी रंगीत चित्रफीतसुद्धा मूळची कृष्णधवल आहे. रंग पुढे कित्येक वर्षांनी भरलेले आहेत.

या गाण्याचा ठेका टाळ्यांनी धरताना चुकतो, असे का होते?

कारण कडव्यात चारचा सरळ हिशेब नाही. तिथे सात मात्रांची आवर्तने येतात, मध्येच एक आठचे येते आणि पुन्हा सात. ध्रुवपदात आल्यावर चाल चारच्या ओळखीच्या घरात परतते, म्हणून ते सगळ्यांना जमते. आपल्याकडच्या श्रोत्याला सात म्हटले की रूपक ताल आठवतो. पण रूपकात सातचा चक्राकार झोल सतत चालतो आणि समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, ‘खाली’ (बिनठोक्याची मात्रा) असते, तसे इथे काही नाही. लेनन यांनी शब्द जिथे संपले तिथे मात्रा तोडली, एवढाच त्याचा अर्थ. मुक्तछंदाला चाल लावणाऱ्या मराठी संगीतकारांना ही युक्ती परकी वाटणार नाही.

१९६७ मध्ये महाराष्ट्रात हा कार्यक्रम कोणी पाहिला असेल का?

घरी बसून पाहणे शक्यच नव्हते. भारत या उपक्रमात सहभागी नव्हता; देशात दूरचित्रवाणी होती ती दिल्लीपुरती, आणि मुंबईचे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. उपग्रहाशी व्यावसायिक दळणवळण साधणारे देशातले पहिले भूकेंद्र पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वी येथे उभे राहिले, तेही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यामुळे ‘साऱ्या जगाने पाहिलेले गाणे’ हे वर्णन मराठी दिनविशेषात जसेच्या तसे उतरवणे बरोबर नाही. त्या साऱ्या जगात मुंबई नव्हती, पुणे नव्हते, आणि नारायणगाव तर नव्हतेच.

समजा, कोणाकडे एखादे जादूचे यंत्र असते, तरीही त्याला जागरण करावे लागले असते. लंडनला बीटल्स पडद्यावर आले तेव्हा तिथल्या उन्हाळी वेळेनुसार रात्रीचे सुमारे ९ वाजून ५४ मिनिटे झाली होती. भारतीय प्रमाणवेळ त्या उन्हाळी वेळेच्या साडेचार तास पुढे असल्यामुळे इथे २ वाजून २४ मिनिटे झाली होती, आणि तारीख २६ जून होती.

आणीबाणीचा संगीताच्या दिनविशेषाशी काय संबंध?

थेट नाही, पण तोडताही येत नाही. घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली ती २५ जून १९७५ रोजी मध्यरात्रीच्या थोडी आधी, आणि बहुतेक देशाला ती कळली २६ जूनच्या सकाळी पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणातून. सरकारच्या प्रचारकार्यात भाग घेण्यास किशोरकुमार यांनी नकार दिल्यानंतर ४ मे १९७६ पासून त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली; नंतर आणीबाणीतल्या गैरप्रकारांसाठी नेमलेल्या शहा आयोगापुढे या प्रकाराची चौकशी झाली. ज्या काळात गाणे घरोघरी पोहोचवण्याचे मुख्य साधन सरकारच्याच हाती होते, त्या काळात एका फोनवर एक आवाज गप्प करता येत असे. विविध भारतीवर वाढलेल्या पिढीला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तरीही नोंद करताना बंदीची तारीख २५ जून अशी लिहू नये. त्या दिवसाशी तिचे नाते कारणाचे आहे, तारखेचे नाही.

क्रिकेटचा सामना संगीताच्या यादीत कसा आला?

२५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताने १८३ धावा केल्या, वेस्ट इंडीजचा डाव १४० वर संपवला आणि ४३ धावांनी विश्वचषक जिंकला. विजयी खेळाडूंचा सत्कार करायचा तर क्रिकेट नियामक मंडळाच्या तिजोरीत तेवढे पैसे नव्हते, ही गोष्ट आजच्या वाचकाला खरी वाटणार नाही. मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. तेव्हा क्रिकेट प्रशासक राजसिंह डुंगरपूर यांच्यामार्फत लता मंगेशकर यांना विचारणा झाली, आणि क्रिकेटच्या पक्क्या चाहत्या असलेल्या लताबाईंनी ऑगस्ट १९८३ मध्ये दिल्लीत मानधन न घेता कार्यक्रम केला. त्यातून सुमारे २० लाख रुपये जमले आणि खेळाडूंना प्रत्येकी एक लाख देता आले. या प्रसंगासाठी इंदीवर यांनी लिहिलेल्या विजयगीताला पं. हृदयनाथ मंगेशकर यांची चाल होती आणि ते गाताना खेळाडूही व्यासपीठावर लताबाईंच्या सोबत उभे होते.

पैशाचा प्रवाह तेव्हा गाण्याकडून क्रिकेटकडे वाहत होता. चित्रपटगीतांच्या त्या काळातल्या सत्तेचा याहून बोलका पुरावा शोधायची गरज नाही. सामना लंडनच्या संध्याकाळी संपला तेव्हा इथे रात्र बरीच झाली होती, पण तारीख दोन्हीकडे २५ च होती. त्यामुळे निदान या नोंदीपुरता पेच उद्भवत नाही.

‘पर्पल रेन’ची दखल का घ्यावी?

कारण तो अल्बम नुसता खपला नाही, त्याने एक वादही पेटवला. २५ जून १९८४ रोजी, त्याच नावाचा चित्रपट यायच्या महिनाभर आधी, तो बाजारात आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्यातली काही गाणी, शीर्षकगीतासह, ३ ऑगस्ट १९८३ रोजी प्रिन्स यांच्या मिनिॲपोलिस या गावीच, फर्स्ट ॲव्हेन्यू या क्लबमध्ये प्रेक्षकांसमोर वाजवताना ध्वनिमुद्रित झाली होती आणि मग स्टुडिओत त्यांवर काम झाले. हा थेट मैफलीचा दम त्या गाण्यांत आजही जाणवतो.

वाद असा की, अल्बममधल्या एका गाण्याचे लैंगिक आशयाचे शब्द आपल्या ११ वर्षांच्या मुलीच्या कानी पडलेले पाहून टिपर गोअर या सिनेटरपत्नी संतापल्या. त्यांनी आणि वॉशिंग्टनमधल्या आणखी काही स्त्रियांनी १९८५ मध्ये पालकांची एक संघटना उभारली, सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, आणि त्यातून ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनावर पालकांसाठी इशारा छापण्याची पद्धत आली. मुंबईच्या पदपथांवर नंतर विकल्या गेलेल्या परदेशी कॅसेट आणि सीडींच्या कोपऱ्यात जी काळी-पांढरी पट्टी दिसे, तिचा उगम हा. ती पट्टी पाहून किती पालकांनी वस्तू परत ठेवली ते सांगता येत नाही. मुलांनी मात्र ती आवर्जून उचलली.

जॉर्ज मायकल यांच्याबद्दल दिनविशेषात काय लिहावे?

मोजके लिहावे. सायप्रसहून आलेल्या ग्रीक वडिलांचा हा मुलगा लंडनमध्ये जन्मला, अँड्र्यू रिजली या मित्रासोबत त्याने ‘व्हॅम’ ही जोडी काढली, आणि एप्रिल १९८५ मध्ये ही जोडी चीनमध्ये जाऊन गायली, जिथल्या श्रोत्यांना पाश्चात्त्य पॉपच्या मैफलीत टाळ्या केव्हा वाजवायच्या हेही अजून माहीत नव्हते. २५ जूनला जन्मलेले जॉर्ज मायकल २५ डिसेंबर २०१६ रोजी, नाताळच्या दिवशी गेले. आणि नाताळ आला की आजही त्यांचेच एक गाणे जगभरच्या दुकानांतून वाजते.

मायकल जॅक्सन यांच्या निधनाबाबत नक्की काय सांगता येते?

लंडनच्या ओटू अरिनात १३ जुलै २००९ पासून ठरलेल्या ५० कार्यक्रमांची तयारी चालू होती, आणि आदल्या रात्री ते लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये तालमीला उपस्थित होते. २५ जूनला दुपारी भाड्याच्या घरातून आपत्कालीन क्रमांकावर फोन गेला, त्यांना इस्पितळात नेण्यात आले आणि तिथल्या वेळेनुसार दुपारी २ वाजून २६ मिनिटांनी मृत घोषित करण्यात आले. वय ५० होते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरले जाणारे प्रोपोफोल हे औषध झोपेसाठी दिले गेल्याने मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष निघाला आणि त्यांचे खासगी डॉक्टर कॉनराड मरे यांना न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. याबाहेरच्या कहाण्या दरवर्षी २५ जूनला नव्याने फिरू लागतात. त्या दिनविशेषात घेऊ नयेत.

बातमीचा प्रवासही इतिहासात नोंदवण्यासारखा आहे. ती आधी दिली तारे-तारकांच्या बातम्या देणाऱ्या एका संकेतस्थळाने, मृत्यू घोषित झाल्यावर अठरा मिनिटांत. मोठी वृत्तपत्रे आणि वाहिन्या मागून आल्या. एकाच नावाचा शोध घेणाऱ्यांची लाट इतकी अचानक उसळली की गुगलच्या यंत्रणेला आपल्यावर हल्ला झाल्याचा संशय आला.

मायकल जॅक्सन यांचा मुंबईतला कार्यक्रम याच तारखेला झाला होता का?

नाही. तो १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाला. गोंधळ होण्याचे कारण एवढेच की त्या दौऱ्याची छायाचित्रे मराठी माध्यमांत दरवर्षी जूनच्या शेवटी पुन्हा छापली जातात : नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रे विमानतळावर त्यांचे स्वागत करताहेत, आणि ‘मातोश्री’वर बाळासाहेब ठाकरे यांच्याशेजारी ते उभे आहेत. कार्यक्रम शिव उद्योग सेनेसाठी होता आणि त्यामागे राज ठाकरे यांचा पुढाकार होता.

मैफल एका रात्रीत संपली, पण तिचे कागद पाव शतक चालले. युती सरकारने करमणूक कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायतीने त्या माफीला उच्च न्यायालयात आव्हान दिले, न्यायालयाने २०११ मध्ये तो निर्णय रद्द करून सरकारला पुन्हा विचार करायला सांगितले, आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तीन कोटींहून अधिक रकमेची करमाफी मंजूर केली. तोवर गायकाला जाऊन अकरा वर्षे उलटली होती आणि करमणूक कर हा प्रकारही वस्तू व सेवा करात विरून गेला होता.

मग महाराष्ट्रात बसून लिहिताना या घटनांची तारीख २५ धरावी की २६?

नोंदीसाठी २५ च धरावी, कारण घटना जिथे घडते तिथली तारीख लिहिण्याचा संकेत आहे आणि तो मोडला तर कोणतीच दोन पुस्तके एकमेकांशी जुळणार नाहीत. लॉस एंजेलिसच्या दुपारी २ वाजून २६ मिनिटे म्हणजे इथल्या पहाटेचे २ वाजून ५६ मिनिटे. म्हणजे भारतीय घड्याळाप्रमाणे मायकल जॅक्सन शुक्रवार, २६ जून २००९ रोजी गेले. सकाळच्या दैनिकांचे बहुतेक अंक त्या वेळी छापखान्यात होते किंवा गाडीत चढले होते, त्यामुळे पुष्कळ घरांत ही बातमी वर्तमानपत्राने नव्हे, तर दूरचित्रवाणीने किंवा कोणाच्या तरी फोनने सांगितली.

मात्र आपल्या पंचांगाचा हिशेब लावला तर पेच आपोआप सुटतो. पंचांगात वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीनच्या सुमारास मुंबईत अजून गुरुवारच चालू होता, जसा लॉस एंजेलिसमध्ये होता. आणि १९६७ मध्ये बीटल्सचे गाणे चालले असताना लंडनला रविवार होता तसा पुण्यालाही रविवारच होता. आठवण लिहिणाऱ्याने मात्र आपल्याला ती बातमी २६ तारखेला सकाळी चहा घेताना कळली, असेच लिहावे, कारण ते तितकेच खरे आहे.